पर्सियसची मास्टर कॉपी

आपल्याकडे प्रत्येक असाइनमेंटची एक मास्टर कॉपी असते. एखादा हुशार मुलगा (बहुतेक वेळा मुलगी) रात्री जागून ती लिहितो आणि सकाळी दहापर्यंत तिच्या साठ नकला तयार होतात. कुणी एक ओळ गाळतो, कुणी आकृतीत एक बाण जास्तीचा काढतो, कुणी घाईत 6 चा 0 करतो. सरांनी मनावर घेतलं तर नुसत्या चुकांवरून कुणी कुणाचं उतरवलंय हे त्यांना सहज सांगता येईल. जुन्या हस्तलिखितांचे अभ्यासक नेमकं हेच करतात. चुका जुळवत जुळवत ते मूळ प्रतीकडे सरकत जातात.

ग्रीक वीरांच्या गोष्टींना मात्र ही युक्ती लावता येत नाही, कारण तिथे मास्टर कॉपी नाहीच. हा लेख त्याबद्दल आहे. मी मेकॅनिकलचा, त्यामुळे विषय सिलॅबसबाहेरचा आहे हे मान्य! पण मेसमध्ये एखाद्या सिनेमावरून किंवा मालिकेवरून वाद सुरू झाला की कुणीतरी ताट बाजूला सारून ठणकावतो, "ओरिजिनल गोष्टीत असं नाहीये!" तेव्हा मला नेहमी प्रश्न पडतो, ओरिजिनल म्हणजे नक्की कुठली? ग्रीकांचं उदाहरण यासाठी फार सोयीचं आहे. एकच गोष्ट साडेसत्तावीसशे वर्षांत कशी कशी बदलली, हे तारखांसकट दाखवता येतं. मी त्यासाठी पर्सियस हा वीर निवडला आहे. हा हर्क्युलिसचा पणजोबा. शिवाय दोघांचा बाप एकच, झ्यूस, त्यामुळे सावत्र भाऊसुद्धा. ग्रीक वंशावळी अशाच असतात, फार विचार करू नये.

आधी गोष्ट

अर्गोसचा राजा ॲक्रिसियस. त्याला भविष्य सांगितलं जातं की तुझ्या मुलीचा मुलगा तुला मारणार. तो मुलीला, डॅनाईला, जमिनीखालच्या काशाच्या कोठडीत डांबतो. झ्यूस सोन्याचा पाऊस होऊन तिच्यापर्यंत पोचतो आणि पर्सियस जन्मतो. आजोबा मायलेकांना पेटीत घालून समुद्रात सोडतो. पेटी सेरिफॉस बेटाला लागते आणि डिक्टिस नावाचा कोळी त्यांना सांभाळतो. मुलगा मोठा होतो. बेटाचा राजा पॉलिडेक्टीस याचा डॅनाईवर डोळा असतो, म्हणून तो पोराला वाटेतून दूर करण्यासाठी अशक्य काम सांगतो: गॉर्गन मेडुसाचं डोकं आण. मेडुसाच्या डोक्यावर केसांऐवजी साप, आणि तिच्याकडे जो बघेल तो दगड होणार.

अथीना आणि हर्मीस मदतीला येतात. पर्सियसला उडणारे जोडे, अदृश्य करणारी टोपी, कोयता आणि एक झोळी मिळते. ढालीतल्या प्रतिबिंबात बघत तो मेडुसाचं डोकं कापतो. तिच्या धडातून पेगॅसस हा पंखवाला घोडा आणि क्रायसॉर बाहेर येतात. परतताना त्याला समुद्रकाठच्या खडकाला बांधलेली अँड्रोमेडा दिसते. तिच्या आईने, कॅसिओपियाने, सौंदर्याचा तोरा मिरवला म्हणून समुद्रराक्षसाला तिचा बळी द्यायचा असतो. पर्सियस राक्षसाला मारतो, तिच्याशी लग्न करतो, बेटावर परतून पॉलिडेक्टीसचा दगड करतो. पुढे खेळांच्या स्पर्धेत त्याने फेकलेली थाळी चुकून आजोबांना लागते आणि भविष्य खरं होतं.

इतकी नीटनेटकी गोष्ट कुठे मिळते? अपोलोडोरसच्या नावावर असलेल्या 'बिब्लिओथिका' या ग्रंथात. हा ग्रंथ साधारण इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. तो म्हणजे आपल्या लोकल ऑथरचं पुस्तक! सगळे मुद्दे क्रमाने, कुठे फाफटपसारा नाही, परीक्षेला पुरेसं. पण लोकल ऑथरचं पुस्तक वाचून "हाच विषयाचा मूळ ग्रंथ" असं कुणी म्हणत नाही. अपोलोडोरसच्या आधी ही गोष्ट आठशे वर्षं तरी फिरत होती.

आधी डोकं, मग मारणारा

होमरचं 'इलियड' साधारण इ.स.पू. आठव्या शतकातलं. त्यात झ्यूस आपल्या प्रेमप्रकरणांची यादी सांगतो, तिथे डॅनाई आणि पर्सियस ही नावं येतात. बस, तेवढंच. गॉर्गनचं भयंकर डोकंही इलियडमध्ये आहे, अथीनाच्या कवचावर आणि ॲगमेम्नॉनच्या ढालीवर. पण ते डोकं कुणी कापलं याचा पत्ता नाही. पर्सियस एकीकडे, डोकं दुसरीकडे, मधली तार जोडलेली नाही. काही अभ्यासकांचं म्हणणं असं की वाईट नजर दूर ठेवणारा भेसूर मुखवटा आधी होता. नंतर लोकांना प्रश्न पडला की या चेहऱ्याचं धड कुठे गेलं, आणि त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून गोष्ट आली. इथे नवीन बांधकामावर काळी बाहुली टांगतात तसंच हे!

इ.स.पू. 700 च्या आसपास हेसिअड हा कवी तार जोडतो. तीन गॉर्गन बहिणी, त्यांत मेडुसा एकटीच मर्त्य. पोसायडन तिच्याशी फुललेल्या कुरणात रमला. पर्सियसने तिचं डोकं कापलं, पेगॅसस आणि क्रायसॉर बाहेर आले. पण मेडुसा आधी सुंदर होती, तिला शाप मिळाला, यातलं काहीही हेसिअड सांगत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच शतकातला एक मोठा मातीचा रांजण पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यावर पर्सियस तोंड फिरवून मेडुसाचा गळा कापतोय. आणि मेडुसा? तिला कमरेपासून मागे चक्क घोड्याचं धड आहे. म्हणजे मेडुसा दिसते कशी, यावरही तेव्हा एकमत नव्हतं. कॉर्फू बेटावरच्या आर्टेमिसच्या देवळावर (सुमारे इ.स.पू. 580) ती दात विचकत, जीभ बाहेर काढून धावतेय, आणि तिच्या दोन्ही बाजूंना तिची मुलं उभी आहेत. आता गोष्टीप्रमाणे मुलं जन्मली ती डोकं कापल्यावर. इथे डोकंही जागेवर आणि मुलंही हजर! शिल्पकाराला काळाचा क्रम पाळायचा नव्हता, एका त्रिकोणात सगळी गोष्ट बसवायची होती. माध्यम बदललं की गोष्ट अशी आपोआप वाकते.

पुढे इ.स.पू. 490 च्या सुमारास पिंडार हा कवी एका बासरीसारख्या वाद्याच्या स्पर्धेतल्या विजेत्यावर गीत लिहितो. त्यात मेडुसाचे गाल सुंदर असल्याचा उल्लेख येतो. तिच्या बहिणींच्या आक्रोशावरून अथीनाने त्या वाद्याचं संगीत रचलं असंही तो सांगतो. मेडुसा मेल्यावर कुणीतरी रडलं, हे गोष्टीत उतरलं. त्यानंतर पन्नासेक वर्षांतच मातीच्या भांड्यांवर शांत झोपलेली, साध्या माणसासारख्या चेहऱ्याची मेडुसा दिसू लागते.

राजकारण आणि रंगभूमी

गोष्टी बदलायला कवी आणि कुंभार पुरतात, पण राजे आले की वेग वाढतो. हिरोडोटस हा इतिहासकार एक किस्सा देतो. इ.स.पू. 480 च्या सुमारास इराणचा सम्राट झर्क्सिस ग्रीसवर चालून आला. त्याआधी त्याने अर्गोसला दूत पाठवला, अशी कथा ग्रीसभर सांगितली जात होती. निरोप असा: पर्सियस आणि अँड्रोमेडाचा मुलगा पर्सीस, त्याच्यापासून आम्ही पर्शियन झालो. पर्सियस तुमचा, म्हणजे आपण नातेवाईक. तेव्हा तुम्ही या लढाईत पडू नका. अर्गोस खरोखरच तटस्थ राहिलं. तो निरोप खरा असो वा नसो, दोन शब्दांच्या उच्चारातलं साम्य एवढ्या भांडवलावर आक्रमकाशी सोयरीक जुळवता येते हे तेव्हाच्या लोकांना पटण्यासारखं वाटलं. नंतर अलेक्झांडरनेही आपलं कूळ पर्सियस आणि हेराक्लीसपर्यंत नेलं. मॅसिडोनियाच्या शेवटच्या राजाचं नावच पर्सियस होतं. त्याला रोमनांनी इ.स.पू. 168 मध्ये पिडनाला हरवलं, तिथे कुठलीही जादूची झोळी उपयोगी आली नाही.

दुसरी ताकद नाटकाची. इ.स.पू. 412 मध्ये युरिपिडीसने अथेन्समध्ये 'अँड्रोमेडा' हे नाटक आणलं. ते आज तुकड्यांतच उरलं आहे. पर्सियस खडकाला बांधलेल्या मुलीच्या प्रेमात पडतो, यावर त्याचा सगळा भर होता. राक्षस मारणारा वीर प्रियकर झाला. पुढच्याच वर्षी ॲरिस्टोफेनिसने त्याची रंगमंचावर यथेच्छ टिंगल केली. टिंगल झाली म्हणजे नाटक किती गाजलं असेल बघा. गॅदरिंगमध्येसुद्धा विडंबन हिट सिनेमाचंच होतं, पडलेल्या सिनेमाचं कुणी करत नाही.

मेडुसावर गुन्हा कुणी लावला?

आता लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. इसवी सन 8 च्या सुमारास रोमन कवी ऑव्हिड याने 'मेटामॉर्फोसिस' पूर्ण केलं. त्यात मेडुसा मुळात अतिशय सुंदर, विशेषतः तिचे केस. समुद्रदेवाने अथीनाच्याच देवळात तिच्यावर बलात्कार केला. देवी तोंड फिरवून उभी राहिली, आणि मग शिक्षा दिली ती मेडुसाला: तिच्या केसांचे साप झाले. अत्याचार करणारा देव समुद्रात सुखरूप, आणि जिच्यावर अत्याचार झाला ती राक्षसीण!

आज "मेडुसाची मूळ गोष्ट" म्हणून सगळीकडे हीच सांगितली जाते. पण हेसिअडमध्ये ती नाही हे आपण पाहिलं. हेसिअड आणि ऑव्हिड यांच्यात सातशे वर्षांचं अंतर आहे. आणि एक बारकावा बघा. ऑव्हिडच्या काव्यात ही हकीगत सांगतं कोण? स्वतः पर्सियस! लग्नाच्या मेजवानीत एक पाहुणा विचारतो की तिन्ही बहिणींत हिच्याच डोक्यावर साप कसे, तेव्हा तो सांगतो. म्हणजे जिचं डोकं कापलं तिची कर्मकहाणी, कापणाऱ्याच्या तोंडून, जेवणाच्या पंगतीत. मेडुसाला बोलायची संधी कुणी दिलेली नाही. ऑव्हिडने हे मुद्दाम केलं की सहज, यावर वाद घालता येईल. पण एकदा हे लक्षात आलं की ती गोष्ट पहिल्यासारखी वाचता येत नाही, निदान मला तरी येत नाही.

दुसऱ्या शतकात पॉसेनियस हा प्रवासी लेखक आणखी वेगळंच सांगतो. मेडुसा लिबियातली राणी होती, ती लढाईत आपल्या लोकांचं नेतृत्व करायची, पर्सियसने तिला रात्री दग्याने मारलं आणि तिचं रूप ग्रीकांना दाखवावं म्हणून डोकं कापून आणलं. सापही नाहीत, दगडही नाहीत. चमत्कार काढून टाकला की उरतो तो एक खून.

गोष्ट हिंडत हिंडत कुठवर आली

अँड्रोमेडाचा खडक नक्की कुठे, यावरही मतभेद. बहुतेक जण इथिओपिया म्हणतात. काही जण आजच्या इस्राएलमधलं जाफा सांगतात. इ.स.पू. 58 मध्ये मार्कस स्कॉरसने जाफाहून त्या समुद्रराक्षसाचा सांगाडा रोममध्ये आणून लोकांना दाखवला. प्लिनीने मापंही दिली आहेत: लांबी 40 फूट, बरगड्या भारतीय हत्तीपेक्षा उंच. बहुधा देवमाशाचाच सांगाडा असावा. ऑव्हिडने तर आपल्या एका पुस्तकात अँड्रोमेडा चक्क भारतातून आणली असं लिहिलंय.

ती भारतातून गेली की नाही माहीत नाही, पण भारतात आली मात्र नक्की. 1940 च्या दशकात कोल्हापूरला पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर रोमन काळातल्या काशाच्या वस्तूंचा साठा सापडला. त्यात समुद्रदेव पोसायडनची छोटी सुबक मूर्ती आहे, आणि एका गोल तबकडीवर उठावात कोरलेली जोडी आहे, ती पर्सियस आणि अँड्रोमेडाची असल्याचं अभ्यासकांनी ओळखलं. सातवाहन काळात रोमशी व्यापार चालायचा, त्या मालाबरोबर ती आली. विकत घेणाऱ्याला तिच्यावरची गोष्ट माहीत होती का? की "एक पुरुष, एक बाई, काम छान आहे" एवढ्यावर सौदा झाला? कोल्हापूरचे मित्र सुट्टीत घरी गेले तर टाऊन हॉलच्या संग्रहालयात पोसायडनचं दर्शन जरूर घ्या.

दुसरी पाऊलखूण वर आकाशात आहे. पावसाळा संपला की हॉस्टेलच्या गच्चीवरून उत्तरेला इंग्रजी एमसारखा दिसणारा तारकासमूह शोधा. तो कॅसिओपिया. जवळच सेफियस, अँड्रोमेडा, पर्सियस, पेगॅसस आणि समुद्रराक्षस सीटस असं सगळं कुटुंब आहे. मराठी पंचांगात आणि खगोलाच्या पुस्तकांत त्यांना काय म्हणतात? कॅसिओपिया म्हणजे शर्मिष्ठा, सेफियस म्हणजे वृषपर्वा, अँड्रोमेडा म्हणजे देवयानी, पर्सियस म्हणजे ययाती! जुळणी मोठी गमतीची आहे. पर्सियस अँड्रोमेडाला खडकावरून सोडवतो, ययाती देवयानीला विहिरीतून वर काढतो. पण ग्रीकांकडे कॅसिओपिया अँड्रोमेडाची आई, आणि सेफियसची बायको. आपल्याकडे शर्मिष्ठा देवयानीची मैत्रीण आणि मग सवत, आणि वृषपर्व्याची मुलगी. तारे तेच, नाती वेगळी. ययातीच्या गोष्टीचंही तेच झालं. महाभारतातला ययाती आणि वि. स. खांडेकरांच्या 1959 च्या कादंबरीतला ययाती यांत केवढा फरक आहे, हे ज्यांनी दोन्ही वाचलं त्यांना सांगायला नको.

पर्सियसच्या हातातल्या मेडुसाच्या डोक्याच्या जागी अल्गॉल नावाचा तारा आहे. अरबी नावाचा अर्थ पिशाच्चाचं डोकं. तो दर 2 दिवस 20 तास 49 मिनिटांनी मंद होतो. 1783 मध्ये जॉन गुडरिक या 18 वर्षांच्या मुलाने याचं कारण सुचवलं: दुसरी वस्तू त्याच्यासमोरून फिरते आणि त्याला झाकते. वयाने आपल्यापेक्षा लहान, हे वाचून जरा ओशाळायला झालं.

घोडा कुणाचा?

पर्सियस पेगॅससवर बसून अँड्रोमेडाला वाचवायला येतो, असं चित्र बहुतेकांच्या डोक्यात असतं. प्राचीन गोष्टीत तो जोड्यांवर उडतो. पेगॅससवर बसणारा वीर दुसराच, बेलेरोफॉन. चौदाव्या शतकापर्यंत घोडा पर्सियसच्या ताब्यात आलेला दिसतो, बोकाचिओच्या लिखाणात तो आहे. 1622 च्या सुमारास रुबेन्सने पर्सियस आणि अँड्रोमेडा रंगवले तेव्हा शेजारी पंखवाला घोडा उभाच केला. 1981 च्या 'क्लॅश ऑफ द टायटन्स' या सिनेमाने त्यावर शिक्कामोर्तब केलं, आणि वर समुद्रराक्षसाला 'क्राकेन' हे स्कँडिनेव्हियातलं नाव दिलं. ही झाली मास्टर कॉपीतली चूक. पण सहाशे वर्षं टिकलेल्या चुकीला चूक म्हणायचं का, हा प्रश्न मी तुमच्यावर सोडतो.

फ्लॉरेन्सच्या चौकात 1554 पासून चेलिनीचा काशाचा पर्सियस उभा आहे, हातात मेडुसाचं डोकं उंच धरून. तो घडवून घेतला मेदिची घराण्यातल्या शासकाने, आणि विरोधकांना द्यायचा इशारा त्यातून पुरेसा पोचत होता. 2008 मध्ये लुचियानो गार्बाती या शिल्पकाराने ते दृश्य उलटं केलं. त्याची मेडुसा उभी आहे, एका हातात तलवार, दुसऱ्या हातात पर्सियसचं डोकं, खाली सोडलेलं. ऑक्टोबर 2020 मध्ये हा पुतळा न्यूयॉर्कमध्ये फौजदारी न्यायालयासमोरच्या बागेत काही महिने ठेवला होता. त्यावरही वाद झालाच. काहींनी विचारलं, हिच्या हातात पर्सियसचं डोकं कशाला, अपराधी तर पोसायडन होता ना? प्रश्न चोख आहे. पण बघा, हा प्रश्न विचारणारेही ऑव्हिडची आवृत्ती मूळ धरूनच बोलत होते. हेसिअड वाचणाऱ्या ग्रीकाला तो प्रश्न कळलाच नसता.

मग खरी कुठली?

मला वाटतं, ग्रीकांकडे एक गोष्ट फार चांगली होती. या कथांसाठी कुठलाही एक पवित्र ग्रंथ नव्हता, आणि "हीच खरी" असं ठरवणारी एखादी समितीही नव्हती. म्हणून प्रत्येक शहराने, प्रत्येक नाटककाराने, प्रत्येक कुंभाराने आपापला पर्सियस घडवला. पण याची दुसरी बाजूही आहे. ज्याच्या हातात लेखणी किंवा सत्ता, त्याला कुणाच्याही माथी काहीही मारता येतं. नवीन तपशील एकदा लोकांना आवडला की दोन पिढ्यांत तो "पूर्वीपासून असाच" होऊन बसतो. मेडुसा आधी नुसता भीतीचा चेहरा होती, मग राक्षसीण झाली, मग शापित सुंदरी, मग राणी, मग हातात तलवार घेतलेली बाई. यातली कुठलीच खोटी नाही, आणि कुठलीच पहिली नाही.

तेव्हा पुढच्या वेळी मेसमध्ये कुणी "ओरिजिनलमध्ये असं नाहीये" म्हणाला, तर भांडू नका. त्याला तीन प्रश्न विचारा. तू म्हणतोस ती गोष्ट कुणी सांगितली? कधी? आणि कुणासमोर? ओरलला एक्स्टर्नल जसे शांतपणे एकामागून एक प्रश्न विचारतात ना, तसे विचारा. समोरच्याला उत्तरं आली तर उत्तम, तुम्हाला एक नवीन आवृत्ती कळेल. नाही आली, तर त्याच्या ताटातला पापड तुमचा.